आत्मचरित्र केवळ आकृत्यांपुरते?

माननीय संपादक, स. न. वि. वि.

मराठीच्या पाठ्यपुस्तकांत आत्मचरित्र, प्रवासवर्णन, व्यक्तिचित्र यांतील उतारे असतात. मात्र ते शिकवताना वर्ग बहुतेक वेळा उताऱ्यातली उत्तरे भरायच्या आकृत्या पूर्ण करण्यापलीकडे जात नाही आणि घडलेल्या गोष्टीतून लेखकाने काय निवडले, काय गाळले, कोणत्या सुरात सांगितले, हा या लेखनाचा गाभा दूरच राहतो. नाशिकच्या मुलांना उदाहरणासाठी लांब जायला नको. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ मध्ये जवळच्याच जलालपूरचा. शाळेत न गेलेल्या या बाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात वडिलांच्या सोवळ्याचे वेड आणि पतीचे धर्मांतर हेही कडवटपणा न आणता सांगितले आहे. त्यातले एक पान मोठ्याने वाचावे आणि मग मुलांना गंगेवरच्या (गोदावरीला आम्ही नाशिककर गंगाच म्हणतो) बुधवारच्या बाजारात तासभर हिंडवून, पाहिले-ऐकले तेवढेच, पदरचे काहीही न घालता लिहायला सांगावे. भाजीवालीचे बोलणे तिच्याच शब्दांत उतरवणे किती अवघड असते, हे निबंधाच्या गाइडातून कळत नाही. गुण कशाला द्यायचे, असे शिक्षक विचारतीलच; ते नेमक्या तपशिलाला द्यावेत, अलंकारिक वाक्यांना नव्हे.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक, नाशिक