वायर अडखळली की रोलर आवळू नका

महोदय,

छोट्या फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये सीओटू वेल्डिंगची (कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात वायर वितळवून सांधा जोडण्याच्या पद्धतीतली) वायर अडखळू लागली की ऑपरेटरचा हात प्रथम फीडरच्या, म्हणजे वायर पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेच्या, प्रेशर रोलरकडे (वायर दाबून धरणाऱ्या चाकाकडे) जातो आणि रोलर आणखी आवळला जातो. ही सवय मोडावी, यासाठी हे पत्र.

रोलर प्रमाणाबाहेर आवळला की 0.8 किंवा 1.2 मिलिमीटरची वायर चेपते, तिच्यावरचा तांब्याचा मुलामा खरवडला जातो आणि तो भुगा लायनरमध्ये, म्हणजे वायर वेल्डिंग गनपर्यंत नेणाऱ्या केबलमधल्या नळीत, जाऊन बसतो. वायर तात्पुरती धावते. पण लायनर हळूहळू चोंदतो आणि मग मागून रेटली जाणारी वायर रोलरपाशीच गुंता करते.

खरा दोष शोधणे अवघड नाही. यंत्र बंद करून प्रेशर रोलर उचलावा, स्पूल (वायरचे रीळ) हलका फिरतो ना ते पाहावे, गनची केबल सरळ करावी आणि टीपमधून (गनच्या तोंडाशी असलेल्या, वायरला करंट देणाऱ्या बारीक नळीतून) आलेली वायर हाताने ओढावी. जड लागली तर टीप काढून पुन्हा ओढावी. आता सहज आली, तर टीप बदलावी. तरीही जड लागली, तर लायनर कोरड्या हवेने साफ करावा, आणि तो वाकला किंवा झिजला असेल तर सरळ नवा घालावा. वायर पहिल्यापासूनच मोकळी येत असेल, तरच रोलरची खाच झिजली आहे का, ती वायरच्या मापाची आहे का, हे तपासावे. पावसाळ्यात फीडरवर उघड्या राहिलेल्या वायरला गंज चढतो आणि ती लायनरमध्ये कानशीसारखी घासते, म्हणून सुटी होताना स्पूल झाकून ठेवलाच पाहिजे.

हा प्रश्न केवळ कामाच्या खोळंब्याचा नाही. या यंत्रात करंट वायरच्या वेगावर ठरतो; त्यामुळे वायर अडखळली की करंट कमी-जास्त होतो, आणि वरून ठीक दिसणाऱ्या सांध्यात धातू आतून एकजीव झालेलाच नसतो. ट्रॉलीच्या चासीवर असा सांधा राहिला, तर त्याची किंमत रस्त्यावरच्या माणसाला मोजावी लागते, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते.

मालकांनी टीप आणि लायनर कपाटात कुलूपबंद न ठेवता ऑपरेटरच्या हाताशी ठेवावेत. आयटीआयच्या शिक्षकांनीही वेल्डर ट्रेडच्या प्रात्यक्षिकात मुद्दाम चोंदलेला लायनर आणि झिजलेली टीप लावून मुलांना दोष शोधायला द्यावा, ही विनंती.

— एक वेल्डिंग पर्यवेक्षक, भोसरी, पुणे