चिऊ, दार लावायच्या आधी ऐकून तरी घ्यायला हवं ना

चिऊ,

परवा फोनवर तू म्हणालीस की बाबा, दोन देशांमध्ये करार झालाय ना, मग माणूस आधी ज्या देशात पोचला तिथेच त्याने आश्रय मागावा, पुढच्या देशाच्या दारात कशाला जायचं, आणि नियम सगळ्यांना सारखाच नको का. तुझा प्रश्न मनापासूनचा होता म्हणून नीट उत्तर द्यावंसं वाटलं, फोनवर ते जमत नाही, म्हणून लिहितोय. मोठं होणार आहे, निवांत वाच.

आपण कॅनडा आणि अमेरिकेबद्दल बोलत होतो तर तेच धरून बोलूया. त्यांचा सेफ थर्ड कंट्री करार, सही २००२ ची, लागू झाला २९ डिसेंबर २००४ ला. कागदावर वाचलास तर साधा वाटतो. दोन्ही देश सुरक्षित आहेत असं धरायचं आणि अमेरिकेतून कॅनडाच्या बॉर्डरवर येऊन कोणी आश्रय मागितला तर त्याला परत पाठवायचं, जा बाबा तिकडेच माग. अपवाद आहेत, कॅनडात जवळचं नातेवाईक असेल किंवा एकटं आलेलं लहान मूल असेल तर वगैरे. पण बाकीच्यांना बॉर्डरवर फक्त एवढंच विचारतात की तू कुठून आलास. तू का पळालास, तुझ्या मागे कोण लागलंय, परत गेलास तर तुझं काय होईल, हे विचारायची वेळच येत नाही. माझा सगळा राग इथे आहे. एखाद्या हॉस्पिटलने पेशंटची नाडी न बघता सांगावं की येताना रस्त्यात आधी दुसरं हॉस्पिटल लागलं होतं ना, तिकडे जा, तसं आहे हे.

आणि देश सुरक्षित आहे म्हणजे कोणासाठी गं? तुझ्यामाझ्यासारख्या टुरिस्टसाठी सुरक्षित असेलच. पण अमेरिकेत पोचल्यापासून एक वर्षाच्या आत आश्रयाचा अर्ज केला नाही तर काही अपवाद सोडले तर दार बंद होतं, आणि घाबरलेल्या, भाषा न येणाऱ्या, वकील नसलेल्या माणसाचं एक वर्ष कसं निघून जातं त्यालाच कळत नाही. नवऱ्याच्या मारहाणीतून जीव वाचवून आलेल्या बायकांचं बघ, २०१८ मध्ये तिथल्या अॅटर्नी जनरलने, म्हणजे सरकारच्या सगळ्यात वरच्या कायदा अधिकाऱ्याने, एक निर्णय दिला आणि त्यांच्या केसेस एकदम अवघड झाल्या, मग सरकार बदललं आणि २०२१ मध्ये तो निर्णय मागे घेतला. म्हणजे तीच बाई, तीच मारहाण, पण ती कुठल्या वर्षी आली त्यावर ठरणार की तिला आसरा मिळेल का नाही! आणि करार मात्र एकदा सही केली की सगळ्यांसाठी सुरक्षित म्हणून मोकळा.

२०२० मध्ये कॅनडाच्या फेडरल कोर्टाने हा करार घटनेच्या विरुद्ध ठरवला होता. त्या केसमध्ये इथिओपियाची एक तरुण मुलगी होती, कॅनडाच्या बॉर्डरवरून तिला परत पाठवलं आणि अमेरिकेने तिला तुरुंगात टाकलं, तिथे तिला आठवडाभर एकटीला कोठडीत ठेवलं होतं. गुन्हा काय, तर आश्रय मागायला गेली. पुढे वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला, आणि जून २०२३ मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्काच्या मुद्द्यावर करार टिकवला. तू म्हणशील बघा बाबा, कोर्टानेच मान्य केलं. पण का टिकवला ते वाच. कोर्टाचं म्हणणं असं की कायद्यात सेफ्टी व्हॉल्व्ह आहेत, अधिकाऱ्याला अगदीच गरज वाटली तर तो माणुसकीच्या कारणाने सूट देऊ शकतो. आता मला सांग, रात्री बॉर्डरवर लेकरं घेऊन उभ्या असलेल्या बाईला तो व्हॉल्व्ह कुठे आहे हे कोण सांगणार, तिच्याजवळ वकील आहे का? आणि बायकांवर जास्त अन्याय होतो का, हा समानतेचा मुद्दा सुप्रीम कोर्टाने निकालात काढलेला नाही, परत खालच्या कोर्टाकडे पाठवला.

करार केला की लोक यायचे थांबतात असं तुला वाटतं. ते थांबत नाहीत, फक्त वाट बदलतात. आधी हा नियम फक्त अधिकृत चौक्यांवर लागू होता, म्हणून लोक चौकी टाळून मधूनच जायला लागले. कॅनडाचा क्वेबेक प्रांत आणि अमेरिकेचं न्यूयॉर्क राज्य यांच्या मधला रॉक्सहॅम रोड त्यामुळेच जगभर माहीत झाला, नाहीतर त्या खेडेगावातल्या रस्त्याचं नाव कोणी ऐकलं असतं. २०१६ च्या ख्रिसमसच्या आदल्या रात्री घानाचे दोघं जण असेच बर्फातून चालत कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या एमर्सन गावाकडे गेले, चौकीवर गेलो तर परत पाठवतील ही भीती, आणि त्या थंडीने त्यांच्या हातांची जवळजवळ सगळी बोटं गेली. पुढे कॅनडात त्यांची केस रीतसर ऐकली गेली आणि दोघांनाही आश्रय मिळाला. म्हणजे त्यांची भीती खरी होती हे कॅनडानेच मान्य केलं ना! मग तीच केस चौकीवर ऐकली असती तर? मी हे वाचलं तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

यातून शहाणं व्हायचं सोडून दोन्ही सरकारांनी २५ मार्च २०२३ पासून तो नियम सगळ्या बॉर्डरला लावला, नद्या-तळी धरून. त्यात चौदा दिवसांची अट घातली, कुठूनही शिरलात आणि चौदा दिवसांच्या आत आश्रय मागितला तर परत. याचा अर्थ काय होतो बघ, जो माणूस प्रामाणिकपणे लगेच पोलिसांकडे जाऊन मी आलोय म्हणून सांगतो त्याला हाकलणार, आणि जो लपून बसेल त्याच्यावर ती अट चालणार नाही. लपायला मदत कोण करतं? पैसे घेऊन माणसं पोचवणारे एजंट. सरकार म्हणतं आम्हाला त्या एजंटांचा धंदा मोडायचाय, आणि गिऱ्हाईक स्वतःच त्यांच्याकडे पाठवतं.

हे एकट्या कॅनडाचंही नाही. युरोपने मार्च २०१६ मध्ये तुर्कस्तानशी असाच व्यवहार केला, सहा अब्ज युरोंपर्यंत मदत देऊ, तुम्ही लोकांना अडवा आणि ग्रीसमधून परत घ्या. चार वर्षांनी तुर्कस्तानने सरळ सांगितलं की आम्ही आता अडवणार नाही, आणि ग्रीसने महिनाभर आश्रयाचे अर्ज घेणंच बंद केलं. माणसं दोन सरकारांच्या भांडणात मध्ये अडकली. ब्रिटनचं तर अजून पुढचं, आश्रय मागणाऱ्यांना आफ्रिकेतल्या रवांडाला पाठवायचं त्यांनी ठरवलं होतं, त्यांच्या सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सांगितलं की रवांडा सुरक्षित नाही, तिथून लोकांना परत त्यांच्या छळ करणाऱ्या देशात ढकललं जायचा धोका आहे, तर संसदेने काही महिन्यांत कायदाच केला की रवांडा सुरक्षित आहे. कायद्याने असं म्हणून कोणी सुरक्षित होतं का गं?

तू रांगेबद्दलही बोललीस, की हे लोक रांग मोडून येतात. अगं अशी रांगच नाही. यूएनच्या मार्फत दुसऱ्या देशात वसवले जाणारे निर्वासित दरवर्षी एक टक्काही नसतात, बाकीच्यांना साधारण त्या देशात पोचूनच अर्ज करावा लागतो. १९५१ च्या निर्वासित करारात पहिल्याच देशात अर्ज करा असं कुठेही लिहिलेलं नाही. उलट कलम ३१ म्हणतं की जीव वाचवून सरळ आलेल्या आणि लगेच समोर हजर झालेल्या माणसाला बेकायदा शिरल्याबद्दल शिक्षा करू नका, आणि कलम ३३ म्हणतं की छळ होणार असेल तिकडे परत ढकलू नका. आणि श्रीमंत देशांवरच सगळा भार पडतोय हेही खरं नाही, जगातले सत्तर टक्क्यांहून जास्त निर्वासित गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतच राहतात.

क्वेबेकची अडचण मी नाकारत नाही. २०२२ मध्ये रॉक्सहॅम रोडनेच तीस हजारांच्या वर लोक आले, शेल्टर भरून गेले, शाळांवर ताण आला. पण त्याचं उत्तर जास्त निर्णय अधिकारी नेमणं, लोकांना सगळ्या प्रांतांत वाटून घेणं, वर्क परमिट पटकन देणं हे आहे. ज्याची केस खरी नाही त्याला ऐकून घेऊन, कारण देऊन परत पाठवा, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

अजून एक सांगतो. १९३९ मध्ये सेंट लुईस नावाचं जहाज हॅम्बर्गहून निघालं, ९३७ प्रवासी, जवळजवळ सगळे ज्यू. क्युबाने घेतलं नाही, अमेरिकेने घेतलं नाही, कॅनडानेही नाही, जहाज युरोपला परत गेलं आणि त्यातले २५४ जण पुढे नाझींच्या काळात मेले. त्याबद्दल कॅनडाच्या तेव्हाच्या पंतप्रधानांनी, ट्रूडोंनी, नोव्हेंबर २०१८ मध्ये संसदेत उभं राहून माफी मागितली. त्याच ट्रूडोंच्या सरकारने साडेचार वर्षांत तो चौदा दिवसांचा नियम आणला. माफी मागताना त्यांना वाईट वाटलं असेल यावर माझा विश्वास आहे, म्हणूनच नंतरचं मला जास्त लागतं.

तू वाद घाल माझ्याशी, मला आवडतं. फक्त २०२० चा तो फेडरल कोर्टाचा निकाल आधी वाच, त्या मुलीने स्वतः काय सांगितलंय तो भाग तरी. रविवारी फोन करतो, तेव्हा बोलू.

तुझा
बाबा