शपथ सुटली

चोपडा,
शनिवार रात्र

चि. मनूस अनेक आशीर्वाद,

काल फोन ठेवल्यावर बराच वेळ ओट्यावरच बसून राहिले. "आई, तुझी शपथ मोडली गं," हे तुझं वाक्य कानातून जाईना. पाच महिने तू सांभाळलंस. परवा रात्री पुन्हा स्वतःला इजा केलीस, आणि तुला रडू आलं ते माझ्या शपथेपायी. आईला काही झालं तर ते आपल्यामुळे, या धसक्याने धड जेवलीही नाहीस.

म्हणून सगळ्यात आधी हे. लहानपणी तुम्ही पोरी "सुटली म्हण ना, सुटली म्हण" करत एकमेकींच्या मागे लागायच्या, तशी मी आज आपणहून म्हणते. सुटली, सुटली, सुटली. ती मी घालायलाच नको होती.

गेल्या श्रावणात कानबाईच्या रोटांची कणीक मळताना तुझी बाही वर सरकली आणि मला खुणा दिसल्या. मी काय केलं? कणकेने माखलेल्या हाताने तुझा हात धरला, माझ्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घ्यायला लावली. पाहुणे अंगणात होते, म्हणून दातओठ खाऊन बोलले. पुढे रोज संध्याकाळी बाह्या वर करून बघायचे. तुला वाचवतेय असं वाटायचं मला. समुपदेशक मॅडम म्हणाल्या, "शपथेने ओढ जात नाही, लपते. आणि एकदा चुकलं की मूळच्या दुःखावर अपराधाचं ओझं बसतं, मग ते उतरवायला पुन्हा तेच." दोन दिवस मला त्यांचा राग आला होता. बोलल्या खऱ्या.

काल मी सरळ विचारलं, मरावंसं वाटतं का? विचारताना जीभ जड झाली होती. पण असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते, हेही मॅडमनीच शिकवलं. तू म्हणालीस, "नाही, आतलं सहन होत नाही तेव्हा थोडं शांत वाटतं." माझा विश्वास आहे. पण हे उत्तर कधी बदललं, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, मला उठव. मी उचलला नाही तर १४४१६ लाव. टेली-मानस, सरकारची सेवा आहे, २०२२ पासून. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. आणि जखम खोल वाटली तर लाजत बसू नकोस, लगेच डॉक्टरकडे जा.

उन्हाळ्यातला वारा केळीची पानं फाडतो म्हणून तुझे बाबा बागेच्या पश्चिमेला दाट शेवरी लावतात, तुला माहीतच आहे. वारा काही थांबत नाही. बागेत शिरेपर्यंत त्याचा जोर मोडतो, एवढंच. तुझ्याभोवती मला तेवढं हवंय. ओढ आली की लाटेसारखी चढते आणि आपण काही केलं नाही तरी उतरते. तेवढा वेळ काढायचा. तोंडावर गार पाणी मार, खोलीबाहेर पड, रूममेटपाशी जाऊन बस, मला नुसता मिस्ड कॉल दे. मी कारण विचारणार नाही. आज दुपारी बाजारात काय भाव होता, ते सांगत बसेन. ज्याने इजा होते ते हाताशी ठेवू नकोस, रूममेटकडे दे. आणि मंगळवारी मॅडमकडे जाशील तेव्हा परवाचं त्यांना सांग. लपवलंस तर त्या मदत कशी करतील?

त्यांनी मला मार्शा लिनेहान या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ बाईंचं सांगितलं होतं. अशाच त्रासातल्या माणसांसाठी त्यांनी डीबीटी नावाची उपचारपद्धत घडवली, आणि तरुणपणी आपण स्वतः यातूनच गेलो होतो हे २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. त्या रात्री मी पहिल्यांदा नीट झोपले. या वाटेवरून गेलेली बाई दुसऱ्यांना वाट दाखवते, हे मला कोणी आधी सांगायला हवं होतं.

आणि ते पाच महिने परवाच्या एका रात्रीने पुसले गेले नाहीत, मनू. मी दिवस मोजणं सोडलंय, तूही सोड.

बाबांना तुला विचारूनच सांगितलं. ते काही बोलले नाहीत, उठून गोठ्यात गेले. सकाळी म्हणाले, "आखाजीला तिला घ्यायला मीच जातो." आजीला काही माहीत नाही, ती नेहमीसारखी विचारते, "पोर कशी शे?" मी सांगते, बरी होतेय.

निंबाला झोका बांधायला बाबांनी नवा दोर आणलाय. तुझ्यासाठी सुती ड्रेस शिवायला घेतलाय, उन्हाचा त्रास नको म्हणून बाही कोपरापर्यंत ठेवली आहे. पूर्ण हवी असेल तर सांग, कापड शिल्लक आहे.

तुझी,
आई