ऑक्टोपॅडवाल्याला नावं ठेवण्याआधी नारद मायकल वॉल्डेन ऐका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकांच्या पानावर मागे एक पत्र आलं होतं, त्यात लिहिलं होतं की झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकाचं संगीत ऑक्टोपॅडनं, म्हणजे काडीनं वाजवायच्या आठ पॅडच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यानं, बिघडवलं, ऑर्गन अन तबला होता तोवर नाटक होतं, आता नुसता धिंगाणा आहे, आणि तबला शिकलेले पोट्टे चार पैशासाठी पॅड बडवून राहिले म्हणजे विद्या विकून राहिले. पत्र लिहिणारे काका वयानं मोठे असतील, नाटकावर त्यांचा जीव आहे हे ओळीओळीत दिसते, त्यांच्याबद्दल मनात आदरच आहे. पण ते "विद्या विकली" लय लागलं. मी वडसा-देसाईगंजकडचा, दिवाळी झाली, धान घरी आलं की मंडई (गावची जत्रा) अन शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) सीझनमध्ये नाटक कंपनीसोबत गावोगाव वाजवत फिरतो, तबलाही वाजवतो अन ऑक्टोपॅडही. तरी या पत्रात स्वतःबद्दल कमी लिहितो अन एका अमेरिकन ड्रमरबद्दल जास्त, कारण काकांच्या म्हणण्याचं उत्तर मला त्याच्या अल्बममध्ये सापडलं आणि आपल्या पेपरात त्याचं नाव मी तरी कधी वाचलं नाही.

नारद मायकल वॉल्डेन. जन्म १९५२, मिशिगन राज्यातलं कॅलामाझू गाव. नारद हे नाव त्याला श्री चिन्मय या बंगाली गुरूंनी दिलं, ते न्यूयॉर्कला राहत. गिटारवाला जॉन मॅक्लॉफ्लिनही त्यांचाच शिष्य, त्याला महाविष्णू हे नाव तिथूनच मिळालं अन त्याच्या बँडचं नाव पडलं महाविष्णू ऑर्केस्ट्रा. हा तोच मॅक्लॉफ्लिन ज्यानं पुढे आपल्या उस्ताद झाकीर हुसेनसोबत शक्ती काढला, म्हणून आपल्या लोकांना तो अगदीच परका नाही. त्या ऑर्केस्ट्रात पहिले बिली कोबहॅम ड्रम वाजवायचा, म्हणजे असा माणूस की त्याच्यानंतर त्या स्टुलावर बसायला भल्याभल्यांचे हात थरथरावे, आणि १९७४ मध्ये तिथे बसला हा विशी-बाविशीतला पोरगा. पहिलाच अल्बम 'अपोकॅलिप्स', लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा सोबतीला, अन निर्माता कोण, तर बीटल्सवाला जॉर्ज मार्टिन. त्या संगीतात सात, नऊ, अकरा मात्रांचे हिशोब चालतात, आपल्याकडे सात मात्रांचा रूपक ताल वाजवताना सातव्या मात्रेवरून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येताना जी घालमेल होते ना ती तिथे धावत्या लयीत, वरून व्हायोलिन अन गिटारची सवाल-जवाबासारखी झटापट. हे सगळं तो पेलत होता. १९७६ मध्ये वेदर रिपोर्ट या दुसऱ्या बड्या जॅझ बँडच्या 'ब्लॅक मार्केट'वरही त्याचे ड्रम आहेत, अन त्याच वर्षी जेफ बेक या गिटारवाल्याचा 'वायर्ड' अल्बम आला त्यातल्या चार चाली या पोराच्या, एका ठिकाणी तर तो ड्रम सोडून पियानोवर बसलेला आहे.

आता काकांच्या हिशोबानं पाहिलं तर इथवर विद्या होती. अन इथून पुढे त्यानं विकली. कारण १९७६ पासून तो स्वतःच्या नावानं अल्बम काढू लागला, स्वतः गाऊ लागला, अन चार-पाच वर्षांत त्याची गाणी डान्स क्लबमध्ये वाजू लागली. जॅझवाल्या मंडळीत असं बोलणारे असतातच की एवढा तयारीचा हात अन शेवटी काय तर नाचाची गाणी.

मला हे पटत नाही, अन का पटत नाही ते अल्बम धरूनच सांगतो.

'गार्डन ऑफ लव्ह लाइट' हा पहिला, १९७६ चा. गिटारवाला कार्लोस सँटाना आहे त्यावर, जेफ बेक आहे. यात माणूस दोन्ही काठांवर पाय देऊन उभा आहे, एका गाण्यात महाविष्णूवाली तोड अन पुढच्यात एकदम सोलचं, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधून आलेलं, पोटातून गायलेलं प्रेमाचं गाणं. काही ठिकाणी सांधा दिसते, खोटं कशाला बोलू. शब्द जरा प्रवचनासारखे होतात, आवाजही बारीक आहे त्याचा, अरेथा फ्रँकलिनसारख्या गायिकेच्या बाजूला ठेवला तर पातळच वाटेल. १९७७ चा 'आय क्राय, आय स्माइल' तर मला फारच गोड झाला असं वाटते, साखर जास्त पडली. पण १९७९ ला त्यानं एकाच वर्षी दोन अल्बम दिले, 'अवेकनिंग' अन 'द डान्स ऑफ लाइफ', अन तिथे सांधा गेला. सोल, जॅझ, पॉप हे वेगवेगळं उरलंच नाही बाप्पा.

त्या दुसऱ्या अल्बमवर 'आय शुडा लव्हड् या' नावाचं गाणं आहे, ते इंग्लंडमध्ये पहिल्या दहात गेलं होतं. ड्रमवाल्याचा अल्बम, ड्रमवाल्याचं नाव कव्हरवर, अन गाणं चालू झालं की पुढे कोण आहे तर बेस गिटार, टी. एम. स्टीव्हन्सची. ड्रम मागे आपला सरळ ठेका धरून बसले आहेत. सात अन अकरा मात्रा झोपेत वाजवू शकणारा माणूस चार मात्रा सरळ वाजवून राहिला, अन त्या चारमध्ये जराही इकडेतिकडे नाही, किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) अन बेसचा पहिला ठोका असा चिकटून पडते की दोन वाद्यं आहेत हे कानाला कळत नाही. आपल्यापैकी ज्यानं कधी केरव्याचा साधा ठेका धरून बसून पाहिला, फार काही न वाजवता नुसता धरून, पंधरा मिनिटं, लय न चढवता न उतरवता, त्याला विचारा हे सोपं आहे का. तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) मारून टाळ्या घेणं सोपं आहे, हे नाही. माझ्या मते त्याच्या हाताची खरी तयारी महाविष्णूपेक्षा इथे ऐकू येते. हे वाक्य पुष्कळांना पटणार नाही, पण मी पूर्ण विचार करून लिहून राहिलो.

पुढचे अल्बम भरभर सांगतो. 'व्हिक्टरी' १९८० चा, चांगला. 'कॉन्फिडन्स' १९८२ चा अन त्याच्या पुढच्यात सिंथेसायझर वाढला, आज ऐकताना काही आवाज शिळे वाटतात. १९८८ चा 'डिव्हाइन इमोशन' मात्र ऐकावा, त्याच्या शीर्षक गाण्यावर इंग्लंडमध्ये पुन्हा पोट्टे नाचले.

पण त्याच्या स्वतःच्या अल्बममुळे त्याला दुसरी एक गोष्ट आली, अन ती जगानं ऐकली, नाव माहीत नसताना ऐकली. तो निर्माता झाला. म्हणजे पैसे लावणारा निर्माता नाही, तिकडे संगीताचा प्रोड्यूसर म्हणजे चाल, वाद्यं, लय, गायकाकडून गाऊन घेणं, रेकॉर्डिंग, सगळं ज्याच्या हातात असते तो. १९८० मध्ये स्टेसी लॅटिसॉ नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीचं गाणं त्यानं केलं अन ते गाजलं. १९८५ ला अरेथा फ्रँकलिनचं 'फ्रीवे ऑफ लव्ह', त्यासाठी त्याला अन सोबतच्या गीतकाराला ग्रॅमी मिळालं. मग व्हिटनी ह्यूस्टन. तिची ओळीनं सात गाणी अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेली, त्यातली चार याच्या हातची, 'आय वॉना डान्स विथ समबडी' त्यातलंच, जे आपल्याकडच्या लग्नाच्या डीजेवर सुद्धा ऐकलं आहे मी. १९८८ ला वर्षातला सर्वोत्तम निर्माता म्हणून ग्रॅमी. गायिका मराया कॅरीच्या पहिल्या अल्बमवरही त्याचं काम आहे.

अन या गाण्यांत बरेचदा ड्रम मशीन आहे. स्वतः एवढा मोठा ड्रमर अन मशीन लावली! काकांना हे वाचून वाईट वाटेल. पण ऐका ना जरा नीट. मशीनला ठोका मारता येतो, कुठे थांबायचं हे सांगावं लागते माणसानंच. गायिकेनं श्वास घेतला त्या जागी काही वाजू नये, कडव्यातून ध्रुपदावर जाताना अर्धा ठोका आधी उचल द्यावी, टाळी कुठे पडावी, हे सगळं हातानं वाजवून वाजवून अंगात मुरलेलं असल्याशिवाय सुचत नाही. मशीन तेव्हा पुष्कळांकडे होती, पण व्हिटनीच्या त्या गाण्यांसारखी उडी पुष्कळांच्या गाण्यात नाही.

आपल्या ऑक्टोपॅडचं हेच आहे साहेब. आठ पॅड. नाटक रात्री उशिरा चालू होते अन कोंबडा आरवेपर्यंत चालते, समोर शेकडो नाही तर हजारो माणूस बसलेला, थंडीत ब्लँकेट पांघरून, अन कंपनीला ढोलकीवाला वेगळा, डफवाला वेगळा, संबळवाला वेगळा असे सगळे आणणं परवडत नाही. मग पॅडवाल्याजवळ एका पॅडवर ढोलकीची थाप, एकावर डफ, एकावर वीज कडाडण्याचा आवाज, एकावर बंदुकीचा बार. खलनायकानं कानफटात मारली तर आवाज त्याच क्षणी पाहिजे, अर्धा सेकंद उशीर झाला की मंडपात हशा होते अन रडायचा सीन मेला. नटानं वाक्य गाळलं तर पॅडवाल्याला ते ओठ पाहून कळलं पाहिजे. लगेच पुढे लावणी, मग भजन, मग आईच्या मरणाचं गाणं, तिथे ऑर्गनवाल्याच्या सुराखाली फक्त एक बारीक झांज ठेवायची अन बाकी हात बांधून बसायचं. हे ज्याला तबल्यात लय कळली त्यालाच जमते. नुसता पॅड घेऊन आलेला पोट्टा तिथे उघडा पडते, काका, अन तुम्ही ज्याला धिंगाणा म्हणता तो त्याच पोट्ट्यांचा असते बहुतेक. आवाज नको तेवढा वाढवतात हेही खरं आहे, तो दोष वाजवणाऱ्याचा अन साउंडवाल्याचा आहे, तो मी मान्यच करतो.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी घेतली, गावोगाव फिरले, अन त्या एवढ्याशा वाद्यावर अख्खा विदर्भ गोळा केला. खंजिरी लहान म्हणून कोणी त्यांच्या भजनाला कमी म्हटलं नाही. मग पॅडला जातच वेगळी काहून?

आपल्याला दोन विनंत्या आहेत संपादक साहेब. एक म्हणजे रविवारच्या पुरवणीत परदेशी गाण्यांवर लेख येतात, छान येतात, पण त्यात गायक-गायिकेचा फोटो, तिचं बालपण, तिचं लग्न, तिचे कपडे, अन वाजवलं कोणी, बसवलं कोणी, याला अर्धी ओळ नाही. व्हिटनीवर लेख आला तर वॉल्डेनला किमान एक परिच्छेद द्या, तो तिच्या गाण्याचा अर्धा मालक आहे. 'हाउ विल आय नो'च्या गीतकारांत पण त्याचं नाव आहे, कारण दुसऱ्यांनी लिहिलेल्या त्या गाण्यात त्यानं बदल करून घेतले. ही माहिती रंजक आहे, कंटाळवाणी नाही, अन गावाकडचे वाजवणारे पोट्टे ती दहादा वाचतील.

दुसरं आपल्या घरचं. झाडीपट्टीच्या कितीतरी नाटकांच्या पत्रकावर खाली का होईना ऑर्गन अमुक, तबला अमुक, ऑक्टोपॅड अमुक असं छापलेलं असते, ही आपल्याकडची चांगली रीत आहे. पण पेपरात नाटकाची बातमी येते तेव्हा उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, सरपंच, पोलीस पाटील सगळ्यांची नावं येतात अन वादकांची गळतात. पत्रक आपल्या वार्ताहराच्या हातातच असते, त्यातली तीन नावं उतरवून घ्यायला फार जागा लागत नाही.

काकांना मात्र आग्रहानं सांगतो, कोणत्याही नातवाच्या मोबाईलवर 'द डान्स ऑफ लाइफ' लावून ऐका, हे अल्बम आता फोनवर सापडतात. फक्त मोबाईलच्या स्पीकरवर नका ऐकू, त्यात बेस येतच नाही अन मग मी सांगितलेलं काहीच ऐकू येणार नाही, कानात लावायचा हेडफोन घ्या किंवा मंडपवाल्याचा बॉक्स लावा. आवडलं तर मागे जाऊन 'अपोकॅलिप्स' ऐका, म्हणजे हाच हात आधी काय करत होता ते कळेल. हा माणूस सत्तरी गाठूनही वाजवत होता, २०२२ मध्ये जर्नी या जुन्या रॉक बँडचा 'फ्रीडम' अल्बम आला त्यावर ड्रम त्याचेच अन निर्मितीतही तो आहे. अन येत्या मंडईत आमचं नाटक तुमच्याकडे लागलं तर या, काका, विंगेच्या बाजूला संगीतवाल्यांजवळ तुमची खुर्ची टाकून ठेवतो, तिथून पॅडवर हात कसा चालते ते दिसते.

आपला,
एक तबला व ऑक्टोपॅड वादक
ता. देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली