दादाच्या धाकट्या बहिणीला

प्रिय चिमू,

हे समोर बसून बोलता आलं असतं, पण आपल्या घरात बोलणं मध्येच तुटतं आणि तूच म्हणतेस, "राहू दे बाबा, तू दादाकडे बघ." म्हणून लिहितोय. सवडीनं वाच, एका दमात नाही वाचलंस तरी चालेल.

तुझ्याविषयी सगळे एकच सांगतात, मुलगी फार समजूतदार आहे. मला काळजी त्याचीच वाटते. ताप असला तरी तू सांगत नाहीस. थोडे मार्क कमी पडले की रात्री उशिरापर्यंत जागतेस. पोट दुखतं म्हणून डॉक्टरांकडे नेलं तर तपासणीत काही निघत नाही. दादासारख्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) किंवा अपंग मुलांच्या भावंडांसोबत काम करणाऱ्यांना हे नवीन नाही. आईबाबा आधीच दमलेत, त्यात आपली भर नको, असं मूल मनाशी ठरवून टाकतं आणि मग कुठलीही गोष्ट मागतच नाही. तू मागत जा. चिडत जा. एखाद्या विषयात नापास झालीस तरी या घरावर आकाश कोसळणार नाही.

तुझी जागा आणखी एका कारणानं अवघड आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तू धाकटी, पण बुटाच्या नाड्या तुला आधी बांधता आल्या. वाचायला आधी तू लागलीस. आता रस्ता ओलांडताना त्याचा हात तू धरतेस आणि हाक मारतेस ती दादा म्हणून. मोठ्या भावाच्या पुढे निघून गेल्यावर आनंद आणि अपराधीपणा एकाच वेळी वाटू शकतो. सायकल यायला लागली तेव्हा तू ती त्याच्यासमोर चालवायची नाहीस, हे मी पाहिलंय. चालव. तू मागे थांबल्यानं त्याचं एकही पाऊल पुढे पडणार नाही.

लहान असताना तू विचारलं होतंस, "मी झाले म्हणून दादाचं बोलणं थांबलं का?" तेव्हा दिलेलं उत्तर आता नीट देतो. नाही. स्वमग्नता म्हणजे मेंदूची घडणच वेगळी असणं, आणि ती घडण मूल पोटात असतानाच सुरू होते. ती कुणाच्या वागण्यानं, कमी लाडानं किंवा धाकट्या भावंडाच्या येण्यानं होत नाही, आणि ती लागणही नाही. जनुकांचा त्यात मोठा वाटा असतो. त्यामुळे पुढे कधी स्वतःच्या मुलाबाळांचा विचार मनात आला, तर जनुकीय समुपदेशन करणारे डॉक्टर असतात. तो प्रश्न एकटीनं मनात घोळवत राहू नकोस.

आता रागाविषयी. त्यानं तुझी वही फाडली तेव्हा त्याचा हेतू वाईट नव्हता हे खरं, आणि तुझी महिन्याभराची मेहनत गेली हेही तेवढंच खरं. तू रागावलेली असताना "त्याला कळत नाही गं" असं मी यापुढे म्हणणार नाही. ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुझ्या कपाटाला कुलूप लावून देतो, किल्ली तुझ्याकडेच राहील. तो अनावर झाला, हात उगारला, तर तू दुसऱ्या खोलीत जायचं आणि आम्हाला हाक मारायची. त्याला आवरणं हे आमचं काम आहे. त्याची लाज वाटली, तो नसता तर असं मनात आलं, तरी तू वाईट बहीण ठरत नाहीस. त्याच्या गुणगुणण्यावरून त्याला काय हवंय हे ओळखणारी तूच आहेस. ही दोन्ही एकाच मनात राहू शकतात.

अमेरिकेत डॉन मेयर नावाच्या माणसानं 1982 मध्ये अशा भावंडांसाठी 'सिबशॉप' सुरू केले. साधारण आठ ते तेरा वर्षांची मुलं तिथे जमतात, भरपूर खेळतात आणि खेळता खेळता घरचं बोलतात. ते उपचार नव्हेत. भाऊ दुकानात किंचाळला तेव्हा काय वाटलं, हे जिथे समजावून सांगावं लागत नाही अशी ती जागा. तुझं वय त्यापुढे गेलंय, पण तुझ्या वयाच्या भावंडांचा गट शोधायला मी सुरुवात केली आहे. यायचं की नाही ते तू ठरव. नॉर्वेत आणखी एक पद्धत आहे, ती मला फार पटली. तिथे भावंडं एका गटात आणि पालक दुसऱ्या गटात बसतात, मग प्रत्येक मूल आपल्या आईशी किंवा वडिलांशी बोलतं. प्रश्न मुलाचे असतात, आणि पालकांनी उपदेश न करता आधी ऐकून घ्यायचं असतं. आपण हे घरीच करू. दर आठवड्याला एक संध्याकाळ आई दादाजवळ थांबेल आणि मी तुझ्याबरोबर. पुढच्या आठवड्यात उलट. दादाविषयी बोललंच पाहिजे असं नाही.

आणि जे तू कधीच विचारत नाहीस ते. "आमच्यानंतर काय, ही आहे ना त्याला," असं नातेवाईक तुझ्यादेखत बोलतात, तेव्हा तू खाली मान घालतेस. ते आम्ही ठरवलेलं नाही. इच्छापत्र, त्याचे कायदेशीर पालक कोण, त्याच्या नावचे पैसे कोण सांभाळणार, तो कुठे राहील, हे सगळं आई आणि मी लिहून काढतोय. त्यात तुझं नाव गृहीत धरलेलं नाही. तू सज्ञान झालीस की ते कागद तुला दाखवू. काही जबाबदारी घ्यावीशी वाटली तर सांग, नाही वाटली तर नाही म्हण, नंतर मत बदललं तरी हरकत नाही. लांब शिकायला जायचं असेल तर फॉर्म भरताना आमच्याकडे बघत बसू नकोस. तो आमचा मुलगा आहे. तू त्याची बहीण आहेस, आणि बहीणच राहिलीस तर ते पुरेसं आहे.

पोटदुखी आणि जागरणं थांबत नाहीत म्हणून एका समुपदेशक बाईंची वेळ घेतली आहे. तुझ्यात काही बिघडलंय असं मला अजिबात वाटत नाही. तुझं ऐकणारं, आणि त्या वेळी दादाची काळजी न करणारं एक माणूस तुला मिळावं, एवढ्यासाठी. पटलं नाही तर दुसरे शोधू. आत काय बोललीस ते मी विचारणार नाही आणि त्याही आम्हाला सांगणार नाहीत. फक्त तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर त्यांना सांगावं लागतं. ही अट त्या पहिल्या भेटीतच तुला समजावतील. आणखी काही विचारायचं असेल तर तेही तेव्हाच विचार, मी बाहेर बसलेला असेन.

तुझा
बाबा