संगणक मंदावला की लगेच फॉरमॅट कशाला?

महोदय,

संगणक सुरू व्हायला वेळ लावतो म्हणून दुकानात नेला, की बहुतेक वेळा एकच ऐकायला मिळते: 'फॉरमॅट मारू, नाहीतर आता नवीनच घ्या.' फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज पुन्हा टाकणे. सहकारी बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झाल्यापासून मी कॉलनीतल्या लोकांचे संगणक बघून देतो. बऱ्याच वेळा या दोन्हींची गरज नसते.

शेजारच्या वहिनींना मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. बटण दाबले, चहा करून पिऊन झाला, तरी पडद्यावरचे चक्र फिरतच होते. दुकानदाराने फॉरमॅट सुचवला होता. त्यांच्या सासऱ्यांचे फोटो मात्र त्याच डिस्कवर, दुसरी प्रत कुठेच नाही! कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या खिडकीत, 'स्टार्टअप' उघडले. प्रिंटरचा प्रोग्राम, मीटिंगची दोन अ‍ॅप, गाण्यांचे एक, शिवाय दोन-दोन अँटिव्हायरस. संगणक चालू होताच सगळे एकदम सुरू होत होते. नको त्यावर राइट क्लिक करून 'डिसेबल' केले. याने प्रोग्राम उडत नाही, आपण उघडेपर्यंत गप्प बसतो. विकतचे दोन्ही अँटिव्हायरस मुदत संपलेले होते, ते काढून टाकले. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरच्या वापराला पुरतो. सी ड्राइव्ह गच्च भरला होता. सेटिंग्जमधल्या 'स्टोरेज'मध्ये जाऊन तात्पुरत्या फायली पुसल्या. तिथल्या यादीत 'डाउनलोड्स'ही असते. त्यावर चुकूनही खूण करू नये, लोकांचे दाखले आणि पावत्या तिथेच पडलेल्या असतात. मग रीस्टार्ट केले. विंडोज 8 पासून 'शट डाउन' केले तरी संगणक बहुधा पुरता बंद होत नाही, म्हणून अधूनमधून रीस्टार्ट करायलाच हवे. अर्ज त्याच दुपारी भरला गेला.

एवढे करूनही टास्क मॅनेजरमध्ये 'डिस्क' बराच वेळ 100 टक्क्यांवर अडकून राहत असेल, तर बहुधा जुनी फिरती हार्ड डिस्क दमलेली असते. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली की तोच संगणक पळू लागतो, आणि जुन्या डिस्कवरचे सगळे जसेच्या तसे नव्या डिस्कवर उतरवता येते.

विंडोज 10 चे नेहमीचे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले, तेव्हापासून 'नवीन घ्या' हा सल्ला वाढला आहे. सुरक्षेच्या दृष्टीने अपडेट बंद होणे गंभीरच आहे, पण संगणक त्यामुळे मंदावत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र करून गिऱ्हाइकाला घाबरवू नये.

दुरुस्तीवाल्यांना माझी विनंती आहे: फॉरमॅटआधी बॅकअप घ्यावा, काय केले ते बिलावर लिहावे, डिस्क बदलली तर जुनी परत द्यावी. आणि एमएस-सीआयटीचे वर्ग आज तालुक्याच्या गावीही आहेत. तिथे वरची कामे प्रत्येक विद्यार्थ्याकडून एकदा तरी स्वतःच्या हाताने करून घ्यावीत.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा