संत्र्याच्या मोसमात संत्रे वर्ज्य का?

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपुरात सध्या आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या सुमारास येणाऱ्या संत्र्यांचा भर आहे. कळमना बाजारात संत्र्यांचे ढीग लागले आहेत, सदरपासून प्रतापनगरपर्यंत चौकाचौकांत हातगाड्या उभ्या आहेत, आणि नेमक्या याच दिवसांत माझ्या ओळखीच्या चार-पाच घरांतून वजन कमी करण्यासाठी म्हणून संत्रे बंद झाले आहे. फळात साखर असते, साखरेने चरबी वाढते, म्हणून फळ नको, असा त्यांचा हिशेब आहे. दुसरीकडे, सकाळ-संध्याकाळ केवळ फळांवर राहून महिन्याभरात आठ किलो उतरवण्याचा निर्धार केलेली मंडळीही मला भेटतात. मी 27 वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात गृहअर्थशास्त्र शिकवले आणि त्यातील आहारशास्त्राचा भाग मला सर्वांत जवळचा होता. या दोन्ही समजुतींमुळे लोकांचे नुकसान होताना दिसते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या भाचीचेच उदाहरण देते. बाळंतपणानंतर वाढलेले वजन उतरवण्यासाठी ती एका खासगी केंद्रात जाऊ लागली. तिथे तिच्या हाती जो आहाराचा तक्ता दिला गेला, त्यात केळी, आंबा, चिकू आणि सीताफळ यांच्यावर फुली होतीच, पण संत्रे आणि सफरचंदही पहिले दोन महिने बंद होते. त्यांच्या जागी दिवसातून दोनदा पाण्यात कालवून प्यायची भुकटी होती आणि ती त्याच केंद्रातून विकत घ्यावी लागे. तिसऱ्या आठवड्यात तिला पोट साफ न होण्याचा त्रास सुरू झाला, आणि दिवसभर आवरून धरलेली गोड खाण्याची इच्छा रात्री उसळून बिस्किटांच्या पुड्यावर जाऊ लागली. दोन महिन्यांनी वजन होते तिथेच होते. वर आपल्यातच संयम नाही, हा दोष तिने स्वतःकडे घेतला, याचे मला अधिक वाईट वाटले.

आता आकडे पाहू. आपल्या संत्र्याच्या 100 ग्रॅम फोडींत सुमारे 85 ग्रॅम पाणी, 10 ग्रॅमच्या आसपास साखर, दोनेक ग्रॅम तंतू आणि जवळपास 50 उष्मांक असतात. मध्यम आकाराचे एक संत्रे सोलले की साधारण एवढाच गर हाती लागतो. ज्यांची सर्वांना भीती वाटते त्या फळांतही 100 ग्रॅमला केळ्यात 90, चिकूत 80 ते 85 आणि आंब्यात 60 च्या आसपास उष्मांक असतात. याउलट एक मोठा चमचा, म्हणजे 15 मिलिलिटर तेल पोटात गेले की 120 उष्मांक जमा होतात. सकाळच्या पोह्यांवर घेतलेल्या तर्रीतून असे दोन चमचे तेल सहज येते आणि ते जवळपास पाच संत्र्यांच्या बरोबरीचे होते. तर्रीपोहे हा नागपूरकरांच्या जिव्हाळ्याचा विषय आहे आणि ते सोडा असे मी म्हणत नाही. पण वजनवाढीचा ठपका ठेवायचाच असेल तर तो आधी कशावर ठेवावा, हे या तुलनेवरून कळते.

वजनाचा प्रश्न उष्मांकांचा खरा, पण माणूस आकडे पाहून जेवण थांबवत नाही, पोट भरल्याची जाणीव झाली की थांबवतो, आणि अख्ख्या फळाचे मोल इथेच आहे. सिडनी विद्यापीठात सुझॅन होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 38 खाद्यपदार्थ प्रत्येकी सुमारे 240 उष्मांकांच्या मापात लोकांना खायला देऊन त्यानंतरचे दोन तास पोट किती भरल्यासारखे वाटते याची नोंद केली, आणि 1995 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पांढऱ्या पावाला 100 गुण धरले असता उकडलेल्या बटाट्याला 323 आणि संत्र्याला 202 गुण मिळाले. त्या यादीतील फळांमध्ये संत्रे पहिले होते, सफरचंद 197 गुणांसह त्याच्या पाठोपाठ, तर केळे 118 वर होते. ज्या फळाला 2014 मध्ये नागपूरच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले, ते फळ भूक शमवण्यात इतके वरचे आहे, ही गोष्ट या शहरातल्या माणसांना ठाऊक असायला हवी असे मला मनापासून वाटते.

मात्र हे सारे फोडी चावून खाल्ल्या तरच खरे आहे. अंबाझरीला किंवा जवळच्या बागेत सकाळी फेऱ्या मारून परतताना गाडीवर संत्र्याचा किंवा मोसंबीचा रस पिणारे अनेक जण आपण पाहतो. मीही निवृत्तीनंतर तीन वर्षे रोज असा मोठा पेला घेत होते आणि आपण प्रकृतीला हितकारक असेच काही करत आहोत असे समजत होते. 300 मिलिलिटरचा पेला भरायला चार-पाच संत्री लागतात आणि त्यात 130 च्या पुढे उष्मांक असतात. वर दोन चमचे साखर पडली तर आणखी 30 ते 40. अर्धा तास झपझप चालून साधारण सव्वाशे ते दीडशे उष्मांक खर्ची पडतात, म्हणजे चालण्याने जे कमावले ते दोन मिनिटांत परत आत गेले. शिवाय रसातून तंतू जवळपास नाहीसे होतात, त्यामुळे घरी आल्यावर नाश्ता पहिल्याइतकाच लागतो. तेवढीच संत्री सोलून खायला बसलो तर पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या संत्र्यालाच हात थांबतो.

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे 1977 साली झालेला एक छोटा प्रयोग मी वर्गात दरवर्षी सांगत असे. दहा जणांना वेगवेगळ्या दिवशी अख्खी सफरचंदे, त्यांचा कुस्करलेला गर आणि त्यांचाच रस देण्यात आला होता आणि तिन्हींत कर्बोदकांचे प्रमाण सारखे ठेवले होते. अख्ख्या सफरचंदांपेक्षा रस 11 पट वेगाने पिऊन झाला, त्याने समाधान सर्वांत कमी मिळाले, आणि रसानंतर रक्तात इन्सुलिन अधिक वाढले व पुढे रक्तशर्करा खाली घसरली. अशा घसरणीने पुन्हा भूक लागू शकते. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातील साखर मर्यादित ठेवायच्या मोकळ्या साखरेत धरते आणि अख्ख्या फळातील साखर त्यात धरत नाही. दोहोंतील रेणू तेच आहेत, पण फळात ते पेशींच्या भिंतींआड बंदिस्त असतात आणि सावकाश सुटतात. आपल्याकडे पुष्कळ जण संत्र्याची फोड चोखून चोथा थुंकतात आणि फोडीवरच्या पांढऱ्या शिरा वेचून काढतात, लहान मुलांना तर मोठी माणसेच तसे शिकवतात. वास्तविक त्या चोथ्यात आणि शिरांतच पोट भरणारे तंतू असतात, तेव्हा बिया तेवढ्या काढाव्यात आणि बाकी सारे चावून खावे.

फळाचे नुसते नाव धारण करणारे पदार्थही इथेच वेगळे काढले पाहिजेत. संत्रा बर्फी ही नागपूरची ओळख आहे, परंतु आहाराच्या हिशेबात ती मिठाईच आहे. खजूर, मनुका यांच्यातील पाणी गेल्यामुळे 100 ग्रॅमला 280 ते 300 उष्मांक असतात, म्हणून ते मुठीने न घेता मोजून दोन-चार खावेत. आणि फराळ हा शब्द तर मुळात फलाहारावरूनच आला आहे! आज मात्र उपवासाचा फराळ म्हटले की आपल्याकडे साबुदाण्याची उसळ, बटाट्याचा तळलेला चिवडा आणि दाण्याचे लाडू पुढे येतात. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 350 च्या आसपास उष्मांक आहेत आणि ते बहुतेक सगळे पिष्टाचे. दाण्याचा कूट आणि तूप त्याहून निराळे. एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हण आपल्या आज्यांनी काही उगीच केली नाही. मूळ अर्थाचा फलाहार त्या दिवशी परत आणला, तर वजनाचा विचार करणाऱ्याला महिन्यातले दोन दिवस आपोआप मिळतील.

फक्त फळांवर राहणाऱ्यांसाठी एवढेच सांगणे पुरे आहे की, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे 60 किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे 50 ग्रॅम. ती संत्र्यांतून मिळवायची तर रोज सहा किलो गर खावा लागेल. प्रथिने कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, पहिल्या आठवड्यात घटलेले वजन बरेचसे पाण्याचे असते, आणि डाळ-पोळीवर परत आल्यावर काटा पूर्वीच्या जागी जातो.

तरीही फळ खाल्ल्याने वजन उतरते, असे सरसकट विधान मी करणार नाही. अमेरिकेत 1,33,468 स्त्री-पुरुषांच्या आहाराचा जास्तीत जास्त 24 वर्षे मागोवा घेऊन 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांनी फळे वाढवली त्यांचे वजन इतरांपेक्षा थोडे कमी वाढलेले आढळले. फळ खाणारी माणसे एरवीही प्रकृतीला जपतात, ही शंका अशा निरीक्षणातून पूर्णपणे जात नाही. तसेच लोकांना केवळ फळे-भाज्या वाढवायला सांगितल्या आणि बाकीचे काहीच कमी करायला सांगितले नाही, अशा प्रयोगांचा 2014 साली एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा वजनात म्हणण्यासारखी घट दिसली नाही. नेमके हेच मला ठसवायचे आहे. चार पोळ्या, भात, दुपारचा चहा आणि त्यासोबतचा समोसा हे सारे जसेच्या तसे ठेवून वर दोन संत्री खाल्ली, तर 100 उष्मांकांची भर पडेल. चहाबरोबरच्या समोशाच्या जागी तीच दोन संत्री आली, तर दिवसाचा हिशेब खाली येईल. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात 2009 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जेवणाआधी सफरचंदाच्या फोडी दिल्या असता त्या जेवणातील एकूण उष्मांक सुमारे 15 टक्क्यांनी घटले, त्यात सफरचंदाचेही धरलेले होते. सफरचंदाच्या रसाने तेवढे साधले नाही. यावरून जेवणापूर्वी पंधरा मिनिटे एक संत्रे किंवा एक जांब, म्हणजेच पुण्या-मुंबईकडचा पेरू, खाण्याचा परिपाठ ठेवायला हरकत नाही. जांबाच्या 100 ग्रॅममध्ये पाच ग्रॅमच्या वर तंतू असतात आणि तो संत्र्याहून स्वस्तही पडतो. जेवणानंतर फळ खाल्ले की ते पोटात कुजते, ही समजूत निराधार आहे, कारण जठरातील आम्लात कुजण्याची क्रिया होत नाही. पण भरल्या पोटावर ते वरकडच ठरते, एवढा मुद्दा त्यात घेण्यासारखा आहे.

प्रमाणाविषयी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस साधी आहे. 2000 उष्मांकांच्या दैनंदिन आहारात 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळे असावीत. जेवणातले काही वगळून त्या जागी आणखी एखादे फळ घेतले तर बिघडत नाही. महागड्या परदेशी फळांची तर मुळीच गरज नाही. हिवाळ्यात संत्रे, जांब, बोरे आणि आवळा, फेब्रुवारीनंतर मृग बहाराची संत्री, उन्हाळ्यात टरबूज आणि डांगर, म्हणजेच खरबूज, पावसाळ्याच्या तोंडाला जांभळे, बारमाही पपई. टरबुजात 100 ग्रॅमला जेमतेम 30 उष्मांक असतात, आणि पंचेचाळीस अंशांच्या उन्हात थंड पेयाच्या बाटलीऐवजी टरबुजाची फोड कितीतरी पटीने बरी. आंबा मोसमात जेवणातली एक पोळी कमी करून, फोडी कापून खावा. आमरसाची वाटी भरताना साखर घालू नये आणि दुसरी वाटी घेऊ नये. मधुमेह असलेल्यांनी प्रमाण आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पोटॅशियमचा प्रश्न आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावा, त्यांना वर्तमानपत्रातले पत्र पुरेसे नाही.

आपल्या दैनिकाला माझी एक विनंती आहे. आरोग्यविषयक मजकुरात फळे आणि फळांचा रस हे शब्द एकमेकांच्या जागी छापले जाऊ नयेत. दुसरी विनंती शहरातील कार्यालयांना आणि गृहनिर्माण संस्थांना आहे. डिसेंबर-जानेवारीतील बैठका आणि संक्रांतीचे हळदी-कुंकू यांत समोसा-बर्फीच्या बशीच्या जागी सोलायला दोन-दोन संत्री ठेवावीत. आमच्या इमारतीत गेल्या वर्षी आम्ही हे करून पाहिले. वीस-बावीस बायका सोलत आणि गप्पा मारत नेहमीपेक्षा अधिक वेळ बसल्या आणि बशा फोडींच्या बियांखेरीज रिकाम्या झाल्या. माझी भाचीही त्यात होती. केंद्राचा तक्ता तिने सोडून दिला आहे, संध्याकाळी बिस्किटांऐवजी ती एक संत्रे खाते, आणि सहा महिन्यांत तिचे साडेतीन किलो वजन उतरले आहे. त्यात रात्रीची एक पोळी कमी केल्याचा आणि रोज चालण्याचाही वाटा आहे, असे ती स्वतःच सांगते.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
प्रतापनगर, नागपूर